अड्डूची धावपट्टी

उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय आमच्याच वाट्याला आले आहेत. त्यामुळे कधी कधी एका विषयाचा तास दुसऱ्यात शिरतो आणि घंटा होईपर्यंत ते ध्यानात येत नाही. असाच एक तास मालदीवचा होता. भिंतीवर आशियाचा नकाशा टांगलेला. हिंदुस्थानच्या टोकाखाली, जरा डावीकडे, मीठ सांडावे तशी ती बेटे. अगदी खालच्या ठिपक्यावर छडी ठेवून आम्ही म्हणालो, "हे अड्डू." मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, अड्डू में हवाई अड्डा है क्या?" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग सांगितले की आहे, आणि तो साडेपाच हजार मैलांवर लंडनमध्ये बसलेल्या लोकांनी आपल्या लष्करी विमानांसाठी बांधला. यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "तो वहाँ के लोग कहाँ गए?"

या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी आम्हाला देता आले नाही. बी.एड.ला शिक्षकाने 'ठाऊक नाही' म्हणायला लाजू नये असे शिकवतात, म्हणून तसे म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे जे वाचले, पडताळले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी रसदेविषयी थोडे. हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांची रसद अब्दालीने तोडली, हे मराठी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. फौज कितीही शूर असो, तिच्यामागे दाणावैरणीची वाट असावी लागते. आगबोटी आल्या तेव्हा दाण्याच्या जागी कोळसा आला. आमचे मरहूम चाचा बोटीवर आगवाले होते. कोकणातल्या मुसलमान घरांत एखादा सारंग, एखादा खलाशी, एखादा आगवाला निघतोच. त्यांच्या बोलण्यात एडन बंदर असे यायचे की जणू ते रत्नागिरीच्या पलीकडचे गाव. यात नवल नाही. १८३९ च्या जानेवारीत एडन इंग्रजांनी घेतले ते मुंबईहून पाठवलेल्या आरमाराच्या बळावर, आणि पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. मुंबई ते सुएझ या वाटेवर कोळसा भरण्यासाठी एक थांबा हवा होता, एवढेच त्या बंदराचे मोल होते. तेथे राहणाऱ्या अरबांना कोळशाशी काही कर्तव्य नव्हते.

विमान आले तेव्हा अनेकांना वाटले की आता थांब्यांचे दिवस संपले. आकाशाला बंदर कशाला हवे? पण झाले उलटेच. आगबोट वाटेत बंद पडली तर पाण्यावर तरंगत राहते; विमानाला ती सवलत नाही. १९५० च्या दशकातले लष्करी मालवाहू विमान भरलेल्या अवस्थेत एका दमात साधारण तीन-साडेतीन हजार किलोमीटर जाई. ओझे वाढवले की इंधन कमी भरावे लागे आणि पल्ला घटे. म्हणजे इंग्लंडहून सिंगापूरला एक पलटण न्यायची, तर वाटेत चार-पाच ठिकाणी उतरण्याची सोय हवी. प्रत्येक ठिकाणी इंधनाच्या टाक्या, त्या भरायला तेलवाहू जहाज, जहाजाला खोल पाणी, सुटे भाग, मिस्त्री, हवामान सांगणारा, बिनतारी यंत्रे, दवाखाना, वैमानिकांना झोपायला खाटा आणि सकाळचा पाव. हवा उष्ण असेल तर धावपट्टीही लांब हवी, कारण तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. शिवाय बेट एकटे असेल तर आणखी एक अडचण. तेथे पोहोचल्यावर पावसाने धावपट्टी दिसेनाशी झाली तर दुसरीकडे जायला जागाच नसते. म्हणून वर घिरट्या घालत थांबता येईल एवढे जास्तीचे इंधन बरोबर न्यावे लागते, आणि तेवढा माल कमी होतो. हा सारा हिशेब मांडणारे लोक हवाई दलात असतात. त्यांची नावे इतिहासात येत नाहीत; वैमानिकांची येतात.

या हिशेबात एक रकाना परवानगीचा असतो. कोणाच्या मुलखावरून उडायचे आणि कोणाच्या मुलखात उतरायचे? दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटनला हा रकाना भरावाच लागत नव्हता. माल्टा, इराकमधले हब्बानिया, कराचीजवळचे मौरीपूर, श्रीलंकेतले निगोम्बो, सिंगापूरचे चांगी अशी माळ तयार होती. १९४७ नंतर माळेतले मणी सुटू लागले. १९५६ मध्ये सुएझ प्रकरण झाले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला, आणि अरब देशांनी ब्रिटिश लष्करी विमानांना आपले आकाश मोकळे ठेवण्याचे दिवस संपत आले. त्याच वर्षी श्रीलंकेत बंडारनायके सत्तेवर आले. त्यांनी ब्रिटनला निगोम्बोचा विमानतळ आणि त्रिंकोमालीचे आरमारी बंदर सोडायला सांगितले, आणि १९५७ च्या अखेरीपर्यंत दोन्ही जागा श्रीलंकेच्या ताब्यात आल्या. १९५८ च्या जुलैमध्ये इराकात क्रांती झाली, आणि १९५९ मध्ये हब्बानियाही सुटले.

अशा वेळी लंडनच्या हवाई मंत्रालयात नकाशा उघडला गेला असेल. आम्ही वर्गात नंतर तोच प्रयोग केला. अड्डूवर टाचणी टोचली, तिला धागा बांधला आणि तो एडनपर्यंत ताणला. मग तोच धागा सिंगापूरकडे फिरवला. जवळजवळ बरोबर पुरला. दोन्हीकडे सुमारे तीन हजार चारशे किलोमीटर. खाली सारा समुद्र. कोणाची परवानगी नको, कोणाचे आकाश नको. मुले चकित झाली आणि खरे सांगायचे तर आम्हीही झालो. हिशेब म्हणून पाहिले तर ती निवड अचूक होती.

शिवाय ही जागा ब्रिटनला नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अड्डूच्या शांत, खोल खाजणात रॉयल नेव्हीने गुप्त तळ उभारला होता. कागदोपत्री त्याचे नाव होते 'पोर्ट टी'. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला तेव्हा ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या ताफ्यातील बरीच जहाजे तेथे इंधन-पाणी भरत होती, आणि जपान्यांना त्या जागेचा पत्ताच नव्हता. गान नावाच्या बेटावर तेव्हाच एक छोटी धावपट्टी झाली होती. युद्ध संपले, गोरे गेले, लोक आपापल्या नारळ-मासळीकडे वळले.

हे लोक कोण, हे सांगितले पाहिजे. मालदीवची भाषा दिवेही. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही तीच बोलतात. लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे, आणि गंमत अशी की तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच आपली नावे आकड्यांत लिहायचा खेळ सुरू केला. चौदाव्या शतकात इब्न बतूता या बेटांवर आला, काझी झाला, आणि येथल्या काथ्याची व कवड्यांची हकीकत लिहून गेला. त्या काथ्याने हिंदुस्थान आणि येमेनमधील जहाजांच्या फळ्या शिवल्या जात. म्हणजे दर्यावर्दी लोकांच्या रसदेत या बेटांचा वाटा फार जुना आहे. फरक एवढाच की तेव्हा ते माल विकत होते.

१९५६ च्या डिसेंबरात मालदीवच्या सरकारने गान बेट ब्रिटनला शंभर वर्षांच्या कराराने दिले. भाडे वर्षाला दोन हजार पौंड. मालदीव तेव्हा ब्रिटनच्या संरक्षणाखाली होते, म्हणजे घासाघीस करण्याची ताकद किती असणार! १९५७ मध्ये काम सुरू झाले. गानवर राहणाऱ्या लोकांना शेजारच्या फेयधू बेटावर नेण्यात आले, आणि फेयधूवर जागा करण्यासाठी तिथल्या लोकांना त्यापुढच्या मरधू बेटावर. वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. एका धावपट्टीसाठी दोन बेटांवरची बिऱ्हाडे हलली. गानवर बौद्धकाळातील एका मोठ्या वास्तूचे ढिगारे होते. एच. सी. पी. बेल या अभ्यासकाने १९२२ मध्ये त्यांची पाहणी केली होती. तेही सपाट झाले. बेट एवढे लहान की सुमारे अडीच किलोमीटरांहून लांब असलेली ती धावपट्टी एका किनाऱ्यापासून जवळजवळ दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. खाजणात 'वेव्ह व्हिक्टर' नावाचे एक जुने तेलवाहू जहाज कायमचे नांगरून ठेवले गेले. ते म्हणजे तळाची इंधनाची टाकी. शेजारच्या हिताधू बेटावर बिनतारी यंत्रणेसाठी जागा घेतली.

इथपर्यंतची हकीकत वाचून आमच्या मनात एक लेख तयारच झाला होता. तसे लेख आपल्याकडच्या उर्दू नियतकालिकांत पुष्कळ येतात आणि आम्हीही एक-दोन लिहिले आहेत. साम्राज्यवादी गोरे, गरीब मुसलमान, जबरदस्तीची हिजरत, शेवटी एक शेर. पण पुढचे वाचले आणि तो लेख मोडून पडला.

अड्डूच्या लोकांना तळ हवा होता. रोज सकाळी धोणीत बसून (कोकणातल्या वाचकाला हा शब्द परका वाटू नये) ते आजूबाजूच्या बेटांवरून गानला कामाला येत. रोख मजुरी मिळे. दवाखान्यात औषध मिळे. राजधानी माले तेथून पाचशे किलोमीटरांवर; तिथल्या सरकारचा अड्डूला अनुभव होता तो मुख्यतः करांचा आणि व्यापारावरच्या बंधनांचा. १९५७ च्या अखेरीस इब्राहिम नासिर पंतप्रधान झाले. त्यांनी करार पुन्हा तपासायचे ठरवले. मुदत कमी हवी, भाडे जास्त हवे. राष्ट्राच्या दृष्टीने ही मागणी अगदी रास्त होती. पण अड्डूच्या मजुराला त्यात आपली रोजी जाताना दिसली. त्यात नव्या कराची बातमी आली आणि १९५८ च्या शेवटच्या दिवशी दंगा उसळला. ३ जानेवारी १९५९ रोजी अड्डूने मालेशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे हुवधू आणि फुवामुला ही बेटेही मिळाली आणि 'संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक' नावाचे सुमारे वीस हजार लोकांचे राज्य उभे राहिले. अध्यक्ष अब्दुल्ला अफीफ दीदी. हे गृहस्थ इंग्रजी उत्तम जाणणारे, तळावर ब्रिटिश आणि बेटकरी यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारे.

मालेचा समज असा की हे बंड ब्रिटिशांनीच घडवले. ब्रिटिशांचे म्हणणे की आमचा संबंध नाही. आम्हाला वाटते, दोन्ही अर्धवट खरे असावे. तळावरच्या अधिकाऱ्यांना हे राज्य सोयीचे होते, आणि सोयीचे होते तोपर्यंत त्यांनी ते चालू दिले. दरम्यान लंडनने मालेशी बोलणी सुरूच ठेवली. १९६० च्या फेब्रुवारीत नवा करार झाला. तीस वर्षांची मुदत आणि विकासासाठी साडेसात लाख पौंड. धावपट्टीचा कागद पक्का झाला. आता प्रजासत्ताकाची गरज कोणाला?

हुवधूतील थिनाधू बेटाची गत सर्वांत वाईट झाली. तेथे गान नव्हते, ब्रिटिश छावणी नव्हती. नासिर बंदुका लावलेली बोट घेऊन आले. १९६२ मध्ये त्या बेटावरच्या हजारो लोकांना बाहेर काढले, घरे पाडली, आणि १९६६ पर्यंत ते बेट ओसाड राहिले. धावपट्टीसाठी दोन बेटांचे लोक हलले ते इंग्रजांच्या हुकमाने. थिनाधू रिकामे केले ते आपल्याच लोकांनी, त्याच कलम्याच्या लोकांनी. हे लिहिताना हात जड होतो, पण एकाच बाजूचा जुलूम मोजायचा असेल तर इतिहास शिकवण्यात अर्थ नाही.

२३ सप्टेंबर १९६३ रोजी अफीफ यांचे प्रजासत्ताक संपले. ब्रिटिशांनी त्यांना दिलेली शेवटची मदत म्हणजे एक युद्धनौका. तिने त्यांना कुटुंबासह सेशेल्स बेटांवर नेऊन सोडले. बाकीचे आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

गानचे काम मात्र जोरात चालले. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया-मलेशिया संघर्ष पेटला तेव्हा इंग्लंडहून सैनिक, दारूगोळा, बॉम्बफेकी विमाने पूर्वेकडे गेली ती याच वाटेने. विमान उतरायचे, तास-दोन तास इंधन भरायचे, उडून जायचे. समुद्रात कोणी पडले तर शोधायला एक शॅकलटन विमान सज्ज असे. तेथे नेमलेले सैनिक वर्षभर कुटुंबाविना राहत आणि घरी जायचे दिवस मोजत.

आता मालदीवच्या खाली यावे लागेल, कारण गानच्या अनुभवावरून मोठ्या नकाशावाल्यांनी जो धडा घेतला तो तेथे दिसतो. अमेरिकेचीही तीच अडचण होती. सौदी अरेबियातील धाहरानचा तळ १९६२ मध्ये सोडावा लागला, मोरोक्कोतले १९६३ पर्यंत गेले. पुढे १९७० मध्ये पेशावरजवळचे बडाबेर आणि लिबियातले व्हीलस हेही गेले. जेथे लोक आहेत तेथे आज ना उद्या लोक उठून 'जा' म्हणतात. अमेरिकन आरमारातील स्टुअर्ट बार्बर नावाच्या एका नागरी अधिकाऱ्याने पन्नाशीच्या दशकातच तोडगा सुचवला होता. जगभरची लहान, दूरची, कमी वस्तीची बेटे वसाहती स्वतंत्र होण्याआधीच ताब्यात घेऊन ठेवावीत. हिंदी महासागरात त्याचे बोट पडले दिएगो गार्सियावर. हे गानपासून दक्षिणेला फक्त साडेसातशे किलोमीटर.

दिएगो गार्सिया हे चागोस बेटांपैकी एक. त्यांचा कारभार मॉरिशसमधून चाले. हाच तो मॉरिशस, जेथे कोकणातून, सातारा-रत्नागिरीकडून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी सण करतात. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळणार हे ठरत असतानाच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने चागोस बेटे त्यापासून तोडली आणि 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची एक नवीच वसाहत निर्माण केली. मॉरिशसला तीस लाख पौंड दिले. अमेरिकेने रोख भाडे दिले नाही. पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत ब्रिटनला एक कोटी चाळीस लाख डॉलरची गुपचूप सूट दिली.

त्या नव्या वसाहतीत सेशेल्सचे अल्दाब्रा बेटही घातले होते. तेथे ब्रिटिश हवाई दलाला आपला थांबा बांधायचा होता. अल्दाब्रावर राक्षसी कासवे आहेत. आज त्यांची संख्या सुमारे एक लाख सांगतात. शास्त्रज्ञांनी आरडाओरड केली, रॉयल सोसायटी मध्ये पडली, टॅम डॅलियेल या खासदाराने संसदेत प्रश्नांची सरबत्ती केली. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले, पैसा आटला आणि योजना सोडून दिली गेली. कासवे वाचली. चांगलेच झाले. कासवांवर आमचा राग नाही.

चागोसवर दीड-दोन हजार माणसे होती. फ्रेंचांनी आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे आणि मागाहून आलेल्या हिंदी मजुरांचे वंशज. ख्रिस्ती, क्रिओल बोलणारे, नारळाच्या बागांत राबणारे. त्यांच्यासाठी रॉयल सोसायटी नव्हती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमाप्रमाणे वसाहतीत कायमचे रहिवासी असतील तर त्यांच्या हिताचा जाब द्यावा लागतो. म्हणून लंडनच्या कचेरीत ठरले की येथे कायमचे रहिवासी नाहीतच, सारे कराराने आलेले मजूर आहेत असे म्हणायचे. १९६६ च्या एका सरकारी टिपणात वरिष्ठ अधिकाऱ्याने विनोद केला आहे की समुद्रपक्ष्यांखेरीज तेथे कोणी मूळचे नसेल. बाप-आजोबांच्या कबरी तेथे होत्या, हे टिपण लिहिणाऱ्यांना माहीत होते.

१९६८ पासून, मॉरिशसला औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांकडे गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे केले. त्याआधी बेटावरच्या पाळीव कुत्र्यांना एका छपरात कोंडून मोटारींच्या धुराने मारले. १९७३ पर्यंत बाकीची बेटेही रिकामी झाली. माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवली गेली; त्यांतली बरीच पोर्ट लुईच्या झोपड्यांत राहिली. तिकडे बारा हजार फुटांची धावपट्टी झाली. १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर, २००३ मध्ये पुन्हा इराकवर जी बी-५२ विमाने गेली त्यांतली अनेक येथून उडाली. खाजणात तोफा, रणगाडे, दारूगोळा भरलेली जहाजे कायम उभी असतात. गानमधल्या 'वेव्ह व्हिक्टर'चा तोच विचार, शंभरपट मोठा.

चागोसवासी कोर्टात लढले. २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात जिंकले, २००४ मध्ये सरकारने विशेष हुकूम काढून ते फिरवले, २००८ मध्ये लॉर्ड्सच्या सभेत तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदेशीर होते असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यातही दिएगो गार्सियाचा तळ नव्व्याण्णव वर्षे ब्रिटनकडे ठेवायचे ठरले. अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे की याही वेळी आम्हाला कोणी विचारले नाही.

दिएगो गार्सिया वाढत गेले तसे गान मावळत गेले. १९६७ मध्ये एडन गेले, १९६८ मध्ये ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडून फौजा मागे घेण्याचे जाहीर केले. आमच्या धाग्याची दोन्ही टोके सुटली, मग मधल्या टाचणीला काय किंमत! विमानांचा पल्लाही वाढला होता. २९ मार्च १९७६ रोजी हवाई दलाने गान सोडले, करारातली दहा वर्षे शिल्लक असताना. अड्डूत एका दिवसात मजुरी थांबली. ज्या नोकऱ्यांसाठी बंड केले, हद्दपारी ओढवून घेतली, त्या नोकऱ्या मालेने घेतल्या नाहीत. लंडनच्या अंदाजपत्रकाने घेतल्या. इंग्रजी येणारे, मेजावर वाढायला शिकलेले अड्डूचे तरुण मग मालेकडे, नव्याने सुरू झालेल्या पर्यटकांच्या हॉटेलांत निघाले. फेयधूचे घर सुटले ते अशा रीतीने दुसऱ्यांदा. रिकाम्या इमारतींत पुढे कपडे शिवण्याचे कारखाने आले आणि गेले. सैनिकांच्या बराकींत आज पर्यटक राहतात.

ही हकीकत येथे थांबवता आली असती तर बरे झाले असते, कारण मग दोष देण्यासाठी दूरचे लोक पुरले असते. पण गानच्या त्याच विमानतळावर गेल्या दशकापासून आपल्या देशाने भेट दिलेले एक हेलिकॉप्टर होते, आणि ते चालवायला आपले लष्करी कर्मचारी. आजारी माणसांना उचलून दवाखान्यात नेणे, समुद्रावर नजर ठेवणे ही त्याची कामे. त्याने किती जीव वाचवले हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही मालदीवमध्ये 'इंडिया आउट'च्या घोषणा झाल्या, २०२३ मध्ये मुइझ्झू निवडून आले, आणि मे २०२४ पर्यंत आपले लष्करी लोक परत येऊन त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. पहिली बदली गानलाच झाली. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा मालदीवला कृतघ्न म्हटले, शिक्षक-खोलीतही तेच चालले होते. आम्ही फेयधूचे नाव काढले तर एक सहकारी म्हणाले, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" प्रश्न बाजूचा नव्हता. ज्या बेटाने एकदा परदेशी तळ येताना आणि जाताना पाहिला आहे, तेथे चार गणवेशवालेही मोजले जातात, एवढेच आम्हाला म्हणायचे होते. चहा गार झाला, विषय संपला.

मॉरिशसच्या ताब्यातले आगालेगा नावाचे आणखी एक बेट आहे. मॉरिशसपासून उत्तरेला सुमारे अकराशे किलोमीटर. वस्ती तीनशेच्या आसपास, तीही चागोसवासीयांसारखीच गुलामांच्या वंशजांची, नारळाच्या बागांतली. हिंदुस्थानने तेथे पैसा घालून तीन किलोमीटरांची नवी धावपट्टी आणि बोटींसाठी धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. हा लष्करी तळ नाही, असे मॉरिशस सरकार सांगते. कोणाला तेथून हलवलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. आजारी माणसाला आता वेळेत मॉरिशसला नेता येते, याचा बेटकऱ्यांना आनंद आहे. आणि त्यांतल्याच काहींनी चागोसचे नाव घेऊन भीतीही बोलून दाखवली आहे.

आमच्या शाळेच्या नकाशावर आगालेगा छापलेले नाही. त्या मुलीने शोधून पाहिले, सापडले नाही. मग मादागास्करच्या उत्तर टोकाच्या उजवीकडे, समुद्राच्या निळ्या रंगात आम्ही लाल शाईने एक ठिपका काढला आणि बाजूला उर्दूत नाव लिहिले. मुले रांगेने येऊन धाग्याने तेथून मुंबईचे अंतर मोजू लागली, तोच घंटा झाली.